कोतवालाच्या वहीतली मुलगी

आपल्याकडे पूर्वजांची आठवण होते ती एक तर पितृपक्षात, नाही तर कॉलेजच्या प्रवेशाच्या हंगामात. पितृपक्षात तीन पिढ्यांची नावे लागतात. एखादे आठवले नाही तर भटजी सांभाळून घेतात. जात पडताळणीवाले तसे सांभाळून घेत नाहीत. त्यांना कागद लागतो, आणि तोही ठरलेल्या तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या चार तारखांनी महाराष्ट्रातल्या लाखो घरांना आपले पणजोबा शोधायला लावले आहे. हौसेने हे काम किती जणांनी केले असते, कोण जाणे.

आमच्याही घरात तसेच झाले. पुतण्याच्या मुलीला इंजिनियरिंगला जायचे होते आणि आम्ही इतर मागासवर्गात मोडतो, तेव्हा १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. पुतण्याला नोकरीतून सवड नाही. मी निवृत्त मास्तर, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने रिकामाच. काम माझ्याकडे आले. एका गृहस्थाने ‘वंशावळीसकट सगळे आणून देतो’ म्हणून पाच हजार सांगितले. २०२३ साली राज्यभर जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना आणि न वाचणाऱ्यांनाही या धंद्यात बरे दिवस आले आहेत. पाच हजार काही माझ्याने निघेनात. साठ रुपयांची एक दोनशेपानी वही घेतली आणि निघालो.

पहिलीच चूक केली ती सांगतो, म्हणजे वाचकांपैकी कोणी हे काम काढलेच तर त्याचा एक दिवस वाचेल. मी थेट कार्यालय गाठले. तिथे विचारले, “कोणत्या मौजाचे? कोणत्या सालचे? कोणाच्या नावाने?” मौजा सांगितला. साल सांगता आले नाही. आणि नाव सांगितले तेही आम्ही घरात म्हणायचो ते. आजोबांना सारे ‘आबाजी’ म्हणत. कागदावर आबाजी कसे असतील? दिवस फुकट गेला आणि बसभाडे वर.

घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी शहाणपणाची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, “आधी माळ्यावरची भांडी काढा.” मला वाटले, दिवाळीची साफसफाई माझ्या गळ्यात मारत आहेत. पण त्यांचे खरे होते. पूर्वी आपल्याकडे लग्नात भांडी देत आणि ती देताना त्यांच्यावर नाव घालून घेत. कोणाला दिले, कोणी दिले, कधी कधी तारीखसुद्धा. पितळेचे गुंड, गंज, पराती, गडवे खाली काढले, चिंचेने घासले, आणि दोन तासांत आमच्या स्वयंपाकघरात तीन पिढ्यांची सोयरीक मांडून झाली. आईच्या लग्नातल्या परातीवर तिच्या मामाचे पूर्ण नाव आणि गाव निघाले. आईच्या आजोळचे गाव मला अडुसष्टाव्या वर्षी परातीने सांगितले. आणखी एक लहानसा गडवा निघाला. त्याच्यावर बारीक ठिपक्यांनी ‘गोदी’ एवढे नाव होते आणि पुढे गावाचे नाव घासून गेले होते. आमच्या घरात गोदी नावाची कोणी बाई झाल्याचे कोणाला माहीत नव्हते. चोरबाजारातून आला असेल, असा विनोद करून तो गडवा मी बाजूला ठेवला.

वंशावळीत बायका नसतात, पण भांड्यांवर असतात. भाट आमच्याकडे सुगीनंतर येत असे. त्याची लांबट पोथी मला लहानपणची आठवते. तो घडाघडा नावे म्हणायचा, धान्य घ्यायचा आणि जायचा. त्या नावांत एकही बाई नसे. ‘अमक्याला तीन लेक, त्यांतला मधला लावल्द’, असे. लावल्द म्हणजे निपुत्रिक. त्याला चार मुली असल्या तरी तो लावल्दच.

भांड्यांनंतर ट्रंका. शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशनकार्ड, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, लग्नपत्रिका. लग्नपत्रिका फेकू नका. निमंत्रकांच्या यादीत अर्धे कुळ छापलेले असते, तेही वडीलकीच्या क्रमाने, कारण तो चुकला तर भर मांडवात रुसवे झाले असते. यातून आबाजींचे कागदावरचे नाव मिळाले, त्यांच्या वडिलांचे मिळाले, वडिलांच्या शाळेचे गाव मिळाले. मग पुन्हा कार्यालयाची वाट धरली. या खेपेला विचारायला काही तरी होते.

आमचे मूळ गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठाकडचे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते घरातले आहे. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने आधी एवढे ध्यानात ठेवावे की, हा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ साली पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसवले, तेव्हा ते इकडे आले. १८६२ च्या आधीचा कागद ‘जिल्हा वर्धा’ म्हणून शोधाल तर मिळणार नाही. तो नागपूरच्या नावाखाली असेल. पुढे आपण मध्य प्रांतात, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. माणूस गावातल्या गावात राहिला आणि त्याच्या दाखल्यावरची राज्ये मात्र बदलत गेली. नागपूरला राज्य पुराभिलेखागाराचे कार्यालय आहे, पण एवढ्या मोठ्या दारात पहिल्याच दिवशी जायचे कारण नाही. साध्या घराचा साधा कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात, भूमी अभिलेख कार्यालयात आणि गावच्या शाळेच्या कपाटात असतो.

शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरात वडिलांची जन्मतारीख १ जुलै निघाली. त्यांच्या वर्गातल्या आणखी कितीतरी मुलांचीही १ जुलैच. अख्खे गाव एकाच दिवशी बाळंत झाले होते असे नव्हे. नाव घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे आणि गुरुजींना रकाना भरायचा असे. त्या तारखेवर विसंबू नये. जात, बापाचे नाव आणि धंदा हे रकाने मात्र कामाचे. बौद्ध घरांतल्या तरुणांना इथे एक सांगायला हवे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावाच्या नोंदीत फरक दिसू शकतो. तो गोंधळ समजून कागद बाजूला ठेवू नये. कुटुंबाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी घटना असू शकते आणि शाळेच्या रजिस्टराने ती टिपलेली असते.

पण खरा खजिना कोतवाल पंजीत. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा शब्द नवा वाटेल. मध्य प्रांतात गावचा कोतवाल आपल्या गावात कोण जन्मले, कोण मेले याची वर्दी ठाण्यावर नेत असे आणि ती वहीत उतरवली जाई. कोतवाल बहुधा महार समाजातला, बहुधा निरक्षर. ऊन-पावसात मैलोनमैल चालणारा हा माणूस आपल्या जिल्ह्याचा पहिला इतिहासकार म्हणायला हरकत नाही. आमच्या भागात मालगुजारी होती, १९५१ साली ती गेली. जमिनीच्या कागदात मालगुजार दिसतो, कास्तकार दिसतो, पण ज्याच्याजवळ जमीनच नव्हती तो मजूर त्यात दिसत नाही. कोतवालाच्या वहीत तो दिसतो. जन्मायला आणि मरायला सातबारा लागत नाही.

अर्ज केला, त्यावर कोर्ट फी तिकीट लावले, दोन खेपा झाल्या आणि तिसऱ्या खेपेला वही समोर आली. कडा वाळवीने खाल्लेल्या. काही पाने मोडीत, काही बाळबोध. मोडी काही आठ दिवसांत येणारी लिपी नाही. एका वृद्ध निवृत्त पटवाऱ्यांनी शेजारी बसून वाचून दिले आणि चहाचेही पैसे देऊ दिले नाहीत. बाळबोध पानेही एकदम कळत नाहीत. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘साकीन’ म्हणजे राहणार, ‘फौत’ म्हणजे मयत, ‘जौजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. एवढे पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून नेले तर निम्मे काम होते.

आणखी एक. त्या काळच्या जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचे नाव नसते. बारसे व्हायच्या आधीच कोतवाल वर्दी देऊन मोकळा. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आईचेही नाव नाही. आबाजींच्या नावावर मला जन्माच्या चार नोंदी सापडल्या. १९२२ चा मुलगा, ते माझे वडील. १९२५ चा मुलगा, काका. १९२९ ची मुलगी, आत्या. आणि या तिघांच्याही आधी, १९१७ सालची एक ‘मुलगी’.

आम्हाला आत्या एकच.

म्हणून मृत्यूच्या नोंदी पाहायला लागलो आणि १९१८ च्या ऑक्टोबरशी पोचलो. त्याआधी अख्ख्या वर्षाचे मृत्यू एक-दोन पानांत मावत होते. इथे पानेच संपेनात. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याने पुढे पुढे शब्दही टाकून दिला होता, नुसत्या खाली ओढलेल्या रेघा. ही मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. हिंदुस्थानात तिचा सर्वांत भयंकर तडाखा बसलेल्या मुलखांत आपला मध्य प्रांत होता, हे मी शाळेत शिकवले असेन किंवा नसेन. पण ते पान उलटताना अंगावर काटा आला. त्यातल्या एका ओळीत आबाजींचे नाव होते. मुलगी, वय दीड वर्ष, ताप.

बरोबर आणलेली संत्र्यांची पिशवी घेऊन त्याच आठवड्यात हिंगणघाटला आत्याकडे गेलो. पुतण्याची मुलगी सोबत होती. आत्या तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची होती. दिसणे गेले होते, ऐकू येणे अर्धे होते, पण बोलणे शाबूत. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नये. ‘तुझा जन्म कधीचा’ म्हटले तर ती हसली. ‘गांधीजी आले तेव्हा तू केवढी होतीस’ म्हटल्यावर लगेच म्हणाली, “गांधीबाबा शेगावले आले तवा मी सात वर्साची व्हती.” गांधीजी शेगावला राहायला गेले १९३६ साली. त्याचे सेवाग्राम १९४० मध्ये झाले. कोतवालाची वही आणि आत्या, दोघांचा हिशेब जुळला. छप्पनचा दुष्काळ, मानमोडी, बेचाळीस, गांधीजींचा खून, मालगुजारी गेली ते साल, असे खुंट धरून विचारले की म्हातारी माणसे बरोबर तारखेशी येऊन उभी राहतात.

मग मी त्या मुलीचे विचारले. आत्या बराच वेळ गप्प होती.

“थे बनी व्हय,” ती म्हणाली. “माया मायची पयली पोट्टी. मानमोडीत गेली. माय सांगे, तवा गावात जाळाले लाकडं नव्हते.”

“पाळण्यातलं नाव काय होतं?”

“मायनं कधी घेतलंच नाही. बनीच म्हणे.”

शंभराहून अधिक वर्षांनी त्या ‘मुलगी’ला अर्धे तरी नाव मिळाले. मी सहज ‘गोदी कोण’ म्हणून विचारले, तर आत्या म्हणाली, “अरे, थे माय. माहेरचं नाव गोदी. इकडं आल्यावर सखू ठेवलं.” माझी आजी! तिच्या मांडीवर मी वाढलो. पंधरा वर्षांचा होतो तेव्हा ती गेली, आणि तिचे जन्माचे नाव मला माहीत नव्हते. तो चोरबाजारचा गडवा तिच्या माहेरचा होता.

आता यातला कडू भाग. जमिनीच्या कागदांत आजीचे नाव मला एकदाच सापडले होते, १९६१ च्या फेरफारात. आबाजी वारले, वारसांची नोंद झाली: बेवा सखूबाई आणि दोन मुलगे. नवरा कागदावरून गेला तेव्हा बायको कागदावर आली. मुलीचे नाव त्यात नाहीच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या वाट्यात मुलीचाही हिस्सा ठरला होता. कायद्याला पाच वर्षे झाली होती, आणि आत्या तेव्हा बत्तीस वर्षांची, हिंगणघाटला नांदत होती. ती नोंद माझ्या वडिलांनी करवून घेतलेली. ते सरळ मनाचे होते, कोणाचा पैसा त्यांनी बुडवला नाही, हे मी आजही म्हणेन. पण कागद माझ्या पिशवीत होता.

तिला वाचून दाखवावा की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी वाचला. आत्या शांत होती.

“मले माहीत हाय,” ती म्हणाली. “तुया बापानं तवा मले काही इचारलं नाही. वावराचं जाऊ दे, मी तसंबी घेतलं नसतं. पण मी त्या घरची लेक हावो, एवढं तरी लेहा लागत व्हतं.”

पुतण्याची मुलगी मोबाइलवर हे सारे टिपून घेत होती. तिने मान खाली घातली. मीही काही बोललो नाही.

घराण्याचा इतिहास म्हटले की लोकांना पराक्रम हवा असतो. कोणी तरी भोसल्यांच्या फौजेत असावा, कोणाला तरी सनद मिळालेली असावी. माझा अनुभव असा की, कागद उघडले की आधी बाहेर येते ते आपणच कोणाला कुठे गाळले ते. ज्यांना ते नको असेल त्यांनी पाच हजार देऊन तयार वंशावळ आणावी. ती छान असते आणि तिच्यात कोणी रडत नाही. बायकांनी स्वतःचे नाव सांगायचे नाही, या रीतीची किंमत देशाने एकदा मोजली आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या होत होत्या तेव्हा ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. आमच्या घराने तेच लहान प्रमाणात केले.

पडताळणीचे काम झाले. त्यासाठी लागला तो आबाजींचा एक कागद आणि वडिलांचा एक. बनी, गोदी, परातीवरचे मामा यांचा समितीला काही उपयोग नव्हता. पण प्रतिज्ञापत्रातली वंशावळ लिहायला बसलो तेव्हा मी आत्याचे नाव वडिलांच्या आणि काकांच्या रांगेत लिहिले. टंकलेखक म्हणाला, “मुलींची गरज नसते, काका.” मी म्हटले, असू द्या.

हिशेब देतो, कारण मास्तरकीची सवय. वही साठ रुपये. नकला, तिकिटे आणि झेरॉक्स मिळून दोनशे सत्तर. बसभाडे सगळ्या खेपांचे दोनशे तीस. पासष्टीनंतर एसटीत अर्धे तिकीट लागते म्हणून एवढ्यात भागले. आत्याची संत्री नव्वद. एकूण साडेसहाशे. भाट, पंडे यांच्यापर्यंत मी अजून पोचलो नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या बाडांत घराण्याची नावे असतात. पण त्यासाठी मुद्दाम प्रवास कशाला? ओळखीपाळखीचे कोणी अस्थी घेऊन जाणारच असतात, त्यांच्याजवळ गाव, आडनाव आणि तीन पिढ्यांची नावे लिहून द्यावी. जिल्ह्याचे गॅझेटियर घरबसल्या फुकट वाचता येते. धरणात गेलेल्या गावांच्या लोकांनी मात्र घाई करावी. अप्पर आणि लोअर वर्धाच्या पाण्याने गावे हलवली; देऊळ, पार आणि शेजार मोडला की सांगणारी माणसेही पांगतात. कागद वाळवीतून थोडा फार उरतो. माणसाचे तसे नसते. आत्या २०२४ च्या कार्तिकात गेली. मोबाइलवर तिचे दोन तास चाळीस मिनिटांचे बोलणे आहे, आणि त्यात मला विचारायचे राहून गेलेले प्रश्न त्याहून जास्त आहेत.

आजीच्या माहेरचे गाव तिने सांगितले ते नदीच्या पल्याडचे. नदी ओलांडली की वऱ्हाड. १९०३ पर्यंत त्याचा कारभारच निराळा. तिकडे मालगुजार नाही, रयतवारी; पाटील आणि पटवारी. म्हणजे कागदांची नावेही वेगळी आणि आमच्या पाच शब्दांची यादी पुन्हा वाढवावी लागणार. सोमवारी निघायचे ठरले आहे. पुतण्याची मुलगी सुट्टीवर आली आहे, ती म्हणते मी येते. गडवा पिशवीत घेतला आहे. गावात कोणी म्हातारे माणूस भेटले तर घासलेली अक्षरे कदाचित ओळखेल. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि मलाही अर्धेच, तेव्हा दोघांत मिळून खर्च एका तिकिटाचा.